रिपोर्ट जैसे थे, पाऊल मात्र जड

एमआरआयच्या अहवालात एक ओळ असते : आधीच्या तपासणीच्या तुलनेत नवे डाग नाहीत, जैसे थे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे सगळे ज्याला एमएस म्हणतात त्या आजाराच्या कित्येक पेशंटांना ही ओळ वर्षानुवर्षे मिळत राहते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. त्याच वर्षांत जिन्याचा कठडा धरावा लागतो, चप्पल पायातून निसटू लागते, एसटीत चढताना मागचे लोक ‘चला लवकर’ म्हणू लागतात. अहवाल खोटा नसतो. पेशंटही कांगावा करत नसतो. एमएसच्या हळूहळू पुढे सरकणाऱ्या प्रकारात, ज्याला डॉक्टर प्रोग्रेसिव्ह एमएस म्हणतात, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. या आजारावर लक्ष ठेवायचे म्हणजे नेमके कशावर, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो आणि पुढच्या पानांचा विषयही तोच आहे.

आधी आजाराची तोंडओळख. मेंदू, डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू यांतल्या चेतातंतूंवर मायलिनचे आवरण असते. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या आवरणावरच हल्ला करते. जगात सुमारे २९ लाख लोकांना हा आजार आहे. त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात अटॅकने होते : एका डोळ्याने अंधूक दिसते, पाय बधिर होतात, तोल जातो, आणि काही आठवड्यांत बरेचसे भरून येते. पुढे काही वर्षांनी अटॅक विरळ होतात, पण चाल, हात, लघवी, स्मरण यांपैकी काही ना काही हळूहळू हातचे जाऊ लागते. ही दुय्यम प्रगतीची अवस्था. दहा-पंधरा टक्के लोकांत अटॅकचा टप्पा येतच नाही. पहिल्या दिवसापासून उतार लागतो. तो प्राथमिक प्रकार. तो साधारण चाळिशीच्या आसपास उघड होतो. अटॅकवाला एमएस बायकांमध्ये पुरुषांहून कितीतरी जास्त दिसतो, या प्रकारात मात्र दोघांचे प्रमाण जवळपास सारखे असते.

अटॅक आणि उतार यांमागची यंत्रणा सारखी नाही, हे समजले की अहवालाचे कोडे बरेचसे सुटते. अटॅकमध्ये रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी मेंदूचे दार फोडून आत शिरतात. त्या ठिकाणी ताजा दाह होतो, गॅडोलिनियमचे इंजेक्शन दिले की एमआरआयवर तो डाग उजळतो, आणि रेडिओलॉजिस्ट त्यावर बोट ठेवू शकतो. प्रगतीच्या अवस्थेत दार बहुधा बंद असते. दाह आत अडकून पडलेला असतो. जुन्या डागांच्या कडेला मायक्रोग्लिया नावाच्या पेशी लोह गिळून बसतात आणि आतला तंतू थोडाथोडा कुरतडत राहतात. मेंदूच्या आवरणाखाली, करड्या भागात, मज्जारज्जूत हे काम चालू असते, आणि नेहमीचे एमआरआय नेमके याच जागी अधू आहे. शास्त्रज्ञ याला धुमसता एमएस म्हणतात. नवे डाग मोजणाऱ्या तपासणीला हे धुमसणे दिसले नाही, तर त्यात नवल नाही.

मोजमापाचा इतिहास मात्र यंत्रांपेक्षा जुना आहे, आणि तो पेशंटांनी सुरू केला. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्ते याची डायरी हा त्याचा सगळ्यात प्रसिद्ध पुरावा. १८२२ च्या डिसेंबरात एका अंत्यविधीनंतर त्याला पत्रे वाचता येईनात. काही दिवसांत नजर आपोआप सुधारली. पुढली वीसेक वर्षे तो लिहीत राहिला : नजर पुन्हा कधी गेली, पाय कधी लटपटले, बधिरपणा कुठून कुठे पसरला, लघवीचा त्रास, काठीची गरज, आणि शेवटी चाकांची खुर्ची. १८४८ मध्ये तो गेला, तेव्हा या आजाराला नावसुद्धा नव्हते. ते १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेट्रिएर इस्पितळात झाँ-मार्तें शार्को यांनी रूढ केले. डेस्तेची डायरी डग्लस फर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. ती वाचणाऱ्या आजच्या न्यूरॉलॉजिस्टला अटॅकचा काळ कुठे संपला आणि उतार कुठे लागला, हे सहज दाखवता येते. आजच्या अनेक फायलींतून ते दाखवता येत नाही, कारण त्यांत तपासण्या भरपूर असतात आणि रोजचे आयुष्य कुठेच नसते.

डॉक्टरांची मोजपट्टी आली १९५५ मध्ये. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात काम करणारे जॉन कुर्ट्झके यांना एक औषध एमएसवर चालते का ते पाहायचे होते. औषध होते आयसोनियाझिड, टीबीवर आपल्याकडे अजूनही रोज दिले जाते तेच. ते एमएसवर निकामी ठरले. त्यासाठी बनवलेली अपंगत्वाची पट्टी मात्र टिकली. १९८३ मध्ये कुर्ट्झके यांनी ती अर्ध्या-अर्ध्या गुणांत विस्तारली. तीच आजची ईडीएसएस. शून्य म्हणजे तपासणीत काहीच दोष नाही, दहा म्हणजे एमएसने मृत्यू. जगातली बहुतेक औषधे याच पट्टीवर पास-नापास झालेली आहेत.

पट्टी नीट पाहावी, कारण तिचा एक हट्ट आहे. चार गुणांपर्यंत डॉक्टर दृष्टी, शक्ती, संवेदना, तोल, लघवी अशा निरनिराळ्या कामांना गुण देतात. चारच्या पुढे मात्र सगळे येऊन थांबते एका प्रश्नावर : किती चालता? आधाराशिवाय ५०० मीटर गेले तर ४, ३०० मीटरला ४.५, २०० ला ५, १०० ला ५.५. एका हातात काठी घेऊन १०० मीटर म्हणजे ६. दोन्ही बाजूंना आधार घेऊन २० मीटर म्हणजे ६.५. आधार घेऊनही पाच मीटरच्या पुढे जाता येत नसेल तर ७, म्हणजे व्हीलचेअर. हातांना खरी किंमत येते ती आठच्या आसपास. म्हणजे सहावर असलेल्या बाईला पोळी लाटता येईनाशी झाली, सही करता येईनाशी झाली, हिशेबात चुका होऊ लागल्या, तरी काठी घेऊन ती शंभर मीटर जाते तोवर तिचा आकडा सहाच राहतो. कागदोपत्री ती स्थिर असते. पट्टी बनवणाऱ्याचा यात दोष नाही. सत्तर वर्षे तिच्याच भरवशावर राहणाऱ्यांचा मात्र थोडा आहे.

या हट्टाची किंमत एका मोठ्या चाचणीत उघडी पडली. नॅटालिझुमॅब हे अटॅकवर जबर चालणारे औषध दुय्यम प्रगतीच्या ८८९ पेशंटांवर दोन वर्षे तपासले गेले. असेंड नावाच्या या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला. चाल आणि ईडीएसएस यांवर औषधाचा परिणाम दिसला नाही, चाचणी अपयशी ठरली. पण त्याच चाचणीत हाताचेही मोजमाप होते, आणि तिथे औषध घेणाऱ्यांत बिघाड होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्क्यांनी कमी दिसली. दुय्यम निष्कर्षावर औषधाला मंजुरी मिळत नसते, मिळूही नये. तरी त्यातून निघणारा प्रश्न झटकता येत नाही. मज्जारज्जूतून पायांकडे जाणारे तंतू लांबीने मोठे. ते आधी खचतात आणि त्यांच्याकडे राखीव ताकद उरत नाही. हातांचे तंतू आखूड, तिथे वाचवण्यासारखे काही शिल्लक असते. पायच मोजत बसले तर ते शिल्लक कुणाच्या नजरेला पडणार?

हात मोजायला फार काही लागत नाही. नऊ भोकांची एक पाटी आणि नऊ खुंट्या. एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची, मग एकेक काढून परत वाटीत टाकायची, आणि घड्याळ लावायचे. आधी एक हात, मग दुसरा. चालीसाठी २५ फुटांची, म्हणजे ७.६२ मीटरची मोकळी वाट आणि पुन्हा घड्याळ. दोन्हींत आधीच्या वेळेपेक्षा २० टक्क्यांहून अधिक वेळ लागला तर तो बदल खरा धरतात. म्हणजे गेल्या वर्षी १० सेकंदांत संपणारी वाट यंदा १२ सेकंदांच्या पुढे गेली, तर पेशंट ‘तसं बरं आहे’ म्हणाला तरी डॉक्टरांनी मान वर करून पाहायला हवे. मेंदूच्या वेगासाठी चिन्हे आणि अंक जुळवण्याची दीड मिनिटाची परीक्षा आहे. तिच्यात चार गुणांची घसरण सहसा दखलपात्र मानली जाते. तिन्ही मिळून पंधरा मिनिटांचे काम. भारतातल्या गर्दीच्या ओपीडीत ती पंधरा मिनिटे कुणाची, हा खरा अडसर. फिजिओथेरपिस्ट किंवा प्रशिक्षित नर्स हे करू शकतात, आणि जिथे ते करतात तिथे डॉक्टरांसमोर नुसते ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाचे उत्तर येत नाही, आकडा येतो.

आपल्याकडच्या न्यूरॉलॉजीच्या शिक्षकांनी मात्र घरगुती मोजमापाची एक सुंदर परंपरा जपलेली आहे. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत सहसा न सापडणारा एक प्रश्न इथले निवासी डॉक्टर शिकतात : चप्पल निसटते का, आणि निसटलेली कळते का? कळते पण थांबवता येत नाही, तर पावलात शक्ती कमी. चार पावले गेल्यावर, मागून कुणी हाक मारल्यावर कळते, तर संवेदनाच गेलेली. बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो का? भारतीय बैठकीच्या संडासातून उठताना नळाला धरावे लागते का? भाकरी मोडताना, भात कालवताना बोटे दाद देत नाहीत का? शर्टाची गुंडी, साडीची निरी, कुलपाची किल्ली? यांतले एकेक उत्तर मज्जासंस्थेच्या एकेका वाटेचा पत्ता देते. अडचण इतकीच की हे प्रश्न निदानाच्या दिवशी विचारले जातात आणि मग विसरले जातात. दर सहा महिन्यांनी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारून उत्तरे लिहून ठेवली, तर ती पाळतच ठरते.

उतार लागला आहे हे मान्य करायलाही सगळ्यांना वेळ लागतो. अमेरिकेतल्या एका केंद्राच्या २०१४ च्या अभ्यासात असे दिसले की दुय्यम प्रगतीची पहिली शंका आणि तसे ठाम निदान यांत सरासरी सुमारे तीन वर्षे गेली. कारणे माणसांची आहेत. पेशंट चांगल्या दिवशी तपासणीला येतो आणि डॉक्टरांना नाराज करायला नको म्हणून ठीक आहे म्हणतो. डॉक्टरांना ‘प्रोग्रेसिव्ह’ हा शब्द उच्चारणे जड जाते. औषधांची मंजुरी अटॅकच्या प्रकाराला असली की निदान बदलल्यावर औषध बंद पडण्याची भीती दोघांनाही असते. त्यामुळे आजार पुढे जातो, फाइलवरचे नाव तेच राहते.

फ्रेड लब्लिन आणि स्टीफन राइनगोल्ड यांनी १९९६ मध्ये एमएसचे प्रकार पाडले आणि २०१३ मध्ये त्यांत एक शहाणपणाची दुरुस्ती झाली. प्रकार कोणताही असो, आता दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे : आजार सक्रिय आहे का, म्हणजे नवा अटॅक किंवा नवा डाग? आणि प्रगती आहे का, म्हणजे अटॅकशिवाय क्षमता घटते आहे का? चार कप्पे तयार होतात, आणि प्रत्येकात उपचाराचा विचार वेगळा. सक्रिय पण प्रगती नसलेला पेशंट औषधाने सावरू शकतो. प्रगती आहे पण सक्रियता नाही, अशाला तेच औषध फारसे लागू पडत नाही. पुढे बासेलचे लुडविग कापोस आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले की अटॅकच्या प्रकारातले, चाचणीत सहभागी झालेले पेशंटसुद्धा जी क्षमता गमावतात तिचा मोठा भाग अटॅकशी संबंध नसतानाच जातो. म्हणजे धुमसणे पहिल्यापासून असते. अटॅकच्या गलबल्यात ते ऐकू येत नाही.

यंत्रेही आता त्या दिशेने वळत आहेत. लोहाला संवेदनशील असणाऱ्या एमआरआय पद्धतीत काही जुन्या डागांभोवती काळी कडा दिसते. ती मायक्रोग्लियातल्या लोहाची. मार्टिना अब्सिंटा आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की असे चार किंवा अधिक डाग असणाऱ्यांना हालचालीचे आणि बुद्धीचे अपंगत्व कमी वयात येते. निदानाच्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०२४ च्या आवृत्तीत या कड्यांना जागा मिळाली आहे. मेंदूचे आकारमानही मोजतात : निरोगी प्रौढात ते वर्षाला ०.१ ते ०.३ टक्के घटते, एमएसमध्ये साधारण अर्धा ते एक टक्का. पण एकट्या पेशंटच्या बाबतीत या आकड्यावर हवाला ठेवणे धोक्याचे, कारण आदल्या दिवशी पाणी कमी प्यायले किंवा नुकतेच स्टिरॉइड झाले तरी आकारमान बदलते. रक्तातले न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे प्रथिन तंतू तुटल्याची खूण देते, तीही मुख्यतः ताज्या दाहाची. वय आणि वजन यांनी तिचा आकडा हलतो. ॲस्ट्रोसाइट पेशींमधून येणारे जीएफएपी प्रगतीशी अधिक जुळते असे दिसते आहे. हे सगळे आशादायक आहे, आणि यांतले बरेचसे अजून संशोधनाच्या टेबलावरच आहे. नेहमीच्या पाळतीसाठी गॅडोलिनियम दर वेळी लागत नाही, असे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात. खर्चाच्या दृष्टीने पेशंटांना हे ठाऊक असणे बरे. मज्जारज्जूचे चित्र मात्र निदानाच्या वेळी घेतलेले असावे. पायांचा उतार बहुधा तिथूनच सुरू होतो.

औषधांविषयी खरे बोलायचे तर आकडे मोठे नाहीत. ऑक्रेलिझुमॅब हे प्राथमिक प्रकाराला अमेरिकेत मंजूर झालेले पहिले औषध, मार्च २०१७ मध्ये. ओरेटोरिओ चाचणीत ७३२ जण होते. १२ आठवडे टिकलेली घसरण औषध घेणाऱ्यांपैकी ३२.९ टक्क्यांत आणि न घेणाऱ्यांपैकी ३९.३ टक्क्यांत झाली. सिपोनिमोडच्या १,६५१ जणांच्या चाचणीत हेच आकडे २६ आणि ३२ होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोलेब्रुटिनिबच्या चाचणीत अटॅक थांबलेल्या दुय्यम प्रकारात सहा महिने टिकलेली घसरण २२.६ टक्क्यांत, तर दुसऱ्या गटात ३०.७ टक्क्यांत झाली. सोबत काहींच्या लिव्हरच्या एन्झाइम्समध्ये वाढही. म्हणजे उतार मंदावतो, थांबत नाही. ज्या घरात ‘औषध लागू पडलं’ याचा अर्थ ‘बरं झालं’ असा घेतला जातो, तिथे निराशा ठरलेली. औषध न घेता पाऊल कुठे गेले असते, हे कुणाला दिसत नाही. म्हणूनच सुरुवातीची मोजमापे लिहून ठेवलेली असावी लागतात.

भारतात या जागी बहुतेकदा रिटुक्झिमॅब येते, मुळात लिम्फोमाचे औषध. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये त्याचे बायोसिमिलर आणले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये एमएससाठी ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. प्रगतीच्या प्रकारातला त्याचा पुरावा मात्र मर्यादित आहे. प्राथमिक प्रकारातल्या ४३९ जणांच्या २००९ च्या चाचणीत एकंदर फायदा सिद्ध झाला नाही. एक्कावन्नच्या आतल्या आणि उजळणारे डाग असलेल्यांत तो दिसला. हे औषध चालू असताना पाळत ठेवायची ती केवळ आजारावर नव्हे, औषधावरही. आधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी, शक्य त्या लसी आधीच, पुढे रक्तातली इम्युनोग्लोब्युलिनची पातळी. टीबीच्या देशात ही औपचारिकता समजून टाळणे परवडणारे नाही.

घरात सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो खोट्या अटॅकवरून. पेशंट अचानक उठू शकत नाही, घरचे घाबरतात, आणि स्टिरॉइडची सलाईन लावा म्हणून इस्पितळ गाठतात. पुष्कळदा कारण निघते लघवीचा संसर्ग, कधी साधा ताप. तापलेल्या शरीरात मायलिन गमावलेला तंतू संदेश नीट वाहून नेत नाही. व्यायामानंतर एमएसच्या पेशंटांची नजर मंदावते, हे विल्हेल्म उटहॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवले. त्यांच्याच नावाने हे लक्षण ओळखले जाते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा तिथल्या पेशंटला आजार वाढल्यासारखे वाटणे साहजिक आहे. अंग गार झाले की तासाभरात शक्ती परत आली, तर तो अटॅक नव्हे. संसर्ग असताना स्टिरॉइड देणे तर अंगलट येऊ शकते. म्हणून आधी थर्मामीटर, मग लघवीची तपासणी, आणि मग न्यूरॉलॉजिस्टला फोन, हा क्रम घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

लघवीचा विषय लाजेखाली दबतो, आणि प्रोग्रेसिव्ह एमएसमधल्या इस्पितळाच्या बऱ्याच वाऱ्या त्यातूनच घडतात. वारंवार घाई होते म्हणून बायका प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहाची भीती आजारापेक्षा मोठी असते. पण घाई होणे आणि पूर्ण रिकामे न होणे हे एकाच वेळी असू शकते. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, हे साध्या सोनोग्राफीत कळते. १०० मिलिलीटरच्या पुढे उरत असेल तर दिवसातून काही वेळा स्वतः कॅथेटर घालून रिकामे करण्याचा विचार होतो. हे न पाहता घाईची गोळी दिली तर मूत्र आणखी तुंबते. आणि ते कॅथेटर स्वतः घालायला बोटे शाबूत लागतात. हात मोजण्याचे महत्त्व इथे पुन्हा पुढे येते.

बाकीच्या खुणा छोट्या असतात. पातळ चहा पिताना ठसका लागतो पण खीर नीट जाते, तर गिळण्याची तपासणी हवी. व्हीलचेअरवर दिवस जात असेल तर माकडहाड आणि टाचा रोज रात्री पाहायच्या. लाल झालेली जागा दाबूनही पांढरी होत नसेल तर जखम सुरू झाली. पायांत गोळे येणे अचानक वाढले तर बॅक्लोफेन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा डोस वाढवण्याआधी बद्धकोष्ठ, संसर्ग, रुतणारे नख शोधायचे. मनाचे मोजमाप तर आपल्याकडे कुणी मागतच नाही. एमएसमध्ये निम्म्याच्या आसपास लोकांना आयुष्यात कधीतरी नैराश्य गाठते, आणि ‘इतकं झाल्यावर वाईट वाटणारच’ या वाक्यावर ते उपचाराविना राहते.

महाराष्ट्राचा या विषयाशी एक जुना धागा आहे. भारतात एमएस दुर्मीळ, असे मानले जात असताना ज्येष्ठ न्यूरॉलॉजिस्ट नोशिर वाडिया यांनी मुंबई-पुण्याच्या पारशी समाजाचा अभ्यास करून १९९० मध्ये लाखात सुमारे २६ हे प्रमाण मांडले. आसपासच्या इतर समाजांपेक्षा ते कितीतरी जास्त होते. एमआरआय गावोगावी पोचल्यावर दुर्मीळपणाची समजूत मागे पडली. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते आहे, आणि मुंबई-पुण्यात तिच्या शाखा आहेत. पण निदानातली सावधगिरी इथे अधिक लागते. हळूहळू पाय जाणाऱ्या प्रत्येकाला एमएस नसतो : बी-१२ ची कमतरता, मणक्याचा टीबी, एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) हे सगळे दाराशी उभे असतात. एनएमओची ॲक्वापोरिन-४ प्रतिपिंडे २००४ मध्ये सापडली, आणि त्या आजारात एमएसची काही औषधे उलट अपाय करतात. वर्षभराची प्रगती, मेंदू व मज्जारज्जूतले डाग, पाठीच्या पाण्यातले ऑलिगोक्लोनल बँड यांचा ताळा जुळल्याशिवाय प्राथमिक एमएसचा शिक्का घाईने घेऊ नये.

दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचा उल्लेख नावाने आहे. चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले की सवलती आणि आरक्षणाची दारे उघडतात. अनेक कुटुंबे ते माणूस अंथरुणाला खिळल्यावर मागतात. नोकरी टिकवण्यासाठी ते आधी उपयोगी असते. मेडिक्लेम सहसा इस्पितळात दाखल होण्याचा खर्च देतो, घरी येणाऱ्या फिजिओचा देत नाही. प्रोग्रेसिव्ह एमएसमध्ये वर्षाचे बहुतेक दिवस घरीच जातात, तेव्हा हा हिशेब आधी मांडलेला बरा.

संशोधनही आता खुर्चीतल्या माणसाकडे वळते आहे. ब्रिटनमधल्या चॅरिअट-एमएस चाचणीत ईडीएसएस ६.५ ते ८.५ असलेल्यांना, म्हणजे आजवर ज्यांना बहुतेक चाचण्यांनी दारातूनच परत पाठवले त्यांना प्रवेश मिळाला. क्लॅड्रिबिनने हातांची घसरण मंदावते का, हे तिथे नऊ खुंट्यांच्या पाटीने मोजले जाते.

पुढची पाने वाचण्याआधी घरच्यांना एक विनंती. दर तीन महिन्यांनी घरातली एक ठरावीक वाट चालायला लागणारा वेळ, शर्टाच्या गुंड्या लावायला लागणारा वेळ, रात्री लघवीला किती वेळा उठावे लागते, किती वेळा तोल जाऊन पडणे झाले आणि कोणते काम सोडून द्यावे लागले, एवढे तारखेसह लिहा. शक्यतो तीच वाट, दिवसाची तीच वेळ आणि तीच पादत्राणे असू द्या. पुढच्या तपासणीला तो कागद एमआरआयच्या अहवालाखाली ठेवू नका; फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आधी तोच पुढे करा.